अडवलेली जाहिरात आणि उरलेलं देणं

सातारा

प्रिय मैत्रिणी,

तुझी मेल वाचली, पुन्हा वाचली, आणि फोनवर दोन शब्द बोलून हे मिटायचं नाही हे कळलं. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. तुझा राग दोन गोष्टींवर आहे. एक, तू नोकरी सांभाळून, रात्री जागून केलेलं पाढ्यांचं ॲप कुणीतरी उचललं, त्यातल्या जाहिराती काढून टाकल्या आणि तेच ॲप पुन्हा फुकट वाटायला ठेवलं. दोन, मी माझ्या क्लासला येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा ब्लॉकर बसवून देते. तुझ्या मते ही एकाच झाडाची फळं. राबणारा राबतो आणि वापरणारा जाहिरातीकडे पाठ करून सगळं फुकटात घेऊन जातो. "हे तुझ्या नीतीत बसतं का?" असं तू सरळच विचारलंयस.

बसतं. पण जाहिरात अडवली की आपल्या अंगावर एक देणं येतं, आणि अडवणाऱ्यांपैकी फार थोडे जण ते फेडतात. मला जे काही सांगायचं आहे ते या देण्याबद्दल आहे. फक्त त्याआधी तुझ्या ॲपचं बोलू, कारण तिथं तू मला दुखावलेली वाटलीस.

ते ॲप तू जीपीएल परवान्याखाली दिलंस. रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएलची पहिली आवृत्ती आली, आणि तेव्हापासून त्याचा गाभा बदललेला नाही: प्रोग्रॅम हवा तसा वापरा, आत काय आहे ते उघडून वाचा, त्यात बदल करा, आणि बदललेला पुढे वाटा. बदल करण्याच्या हक्कात जाहिरात काढण्याचा हक्क येतोच. तो वगळून उरलेला हक्क देते, असं तुला म्हणता येत नाही. आणि तू तरी ते ॲप कोऱ्या पाटीवर लिहिलंस का? अक्षरांचा फॉन्ट, आवाज वाजवणारा भाग, आकडे सरकवणारा भाग, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी याच परवान्याखाली दिलेलं तू घेतलंस. तो हक्क तुला चालला. आता तोच दुसऱ्यानं बजावला.

‘सिंपल मोबाइल टूल्स’ तुला आठवत असेल. गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी साधी, स्वच्छ ॲप्स. जाहिराती नाहीत, नको त्या परवानग्या मागत नाहीत. मी किती जणांच्या फोनमध्ये ती टाकून दिली होती! २०२३ च्या अखेरीला मूळ लेखकानं ती झिपोॲप्स नावाच्या कंपनीला विकली. वर्षानुवर्षं त्या कोडला हातभार लावणाऱ्यांना हे रुचलं नाही. त्यांनी विक्रीपूर्वीचा मुक्त कोड घेतला आणि ‘फॉसिफाय’ या नावानं तीच ॲप्स जाहिरातींविना पुढे चालू ठेवली. त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वापरणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही, एवढंच त्यांनी पाहिलं, आणि परवान्यानं त्यांना ते करू दिलं. मग तुझ्या ॲपला वेगळा न्याय कसा लावू?

एक मात्र नीट तपास. त्या माणसानं तुझं नाव काढलंय का? जीपीएलमध्ये मूळ लेखकाची कॉपीराइटची सूचना पुसता येत नाही. आपण काय बदललं ते सांगावं लागतं, आणि बदललेला सोर्सही मागेल त्याला द्यावा लागतो. जाहिरात काढली असेल तर तो त्याच्या हक्कात आहे. नाव काढलं असेल तर तो गुन्हेगार आहे, आणि तिथं मी तुझ्या बाजूनं शेवटपर्यंत भांडेन.

आता तुझ्या ॲपमधली एक गोष्ट सांगते. ती तू पाहिलेली नाहीस, आणि तू ती पाहिली नसणं हाच माझा मुद्दा आहे. माझ्या क्लासला येणाऱ्या एक बाई जावळी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गात एकच टॅब, तो पाळीपाळीनं मुलांच्या हातात जातो. मी गेले होते तेव्हा तिसरीतली एक मुलगी बाराचा पाढा म्हणत होती. "बारा नव्वे अष्टोदरसे" म्हणून तिनं बरोबर आकडा दाबला आणि पडदाभर पत्ते पसरले. पैसे लावून रमी खेळायची जाहिरात. कोपऱ्यातली फुली बाजरीच्या दाण्याएवढी; मुलीचं बोट फुलीवर जाईपर्यंत जाहिरातीवरच पडलं आणि ॲपचं दुकान उघडलं. बाईंनी टॅब काढून घेतला आणि त्या दिवशी पाढे तिथंच थांबले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. ही त्याच्या आधीची गोष्ट. ती जाहिरात तू निवडली नव्हतीस. तुला कुणी विचारलंही नव्हतं. तुझ्या ॲपमध्ये एक रिकामी चौकट होती आणि ती कुणीतरी, कुठून तरी भरली.

तू म्हणतेस, जाहिरातीवर चालणारं फुकटचं साहित्य ही जुनीच, सभ्य रीत आहे. वर्तमानपत्रं, मासिकं तशीच जगली. खरं आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच दारात आहे. साताऱ्याहून सांगलीला रेल्वेनं जाताना कराड, ताकारी मागे पडलं की किर्लोस्करवाडी लागते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातला कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ त्यांना दिला. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात; म्हणजे या गोष्टीवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे. त्या कारखान्याचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. अशा गिऱ्हाइकाला नुसतं "घ्या, घ्या" म्हणून भागत नाही, त्याच्याशी बोलावं लागतं.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून. नांगर, चरक घेणाऱ्यांपर्यंत पोचायचं साधन. म्हणजे मुळात ती जाहिरातच. पण शंकरराव चित्रकार होते, वाचणारे होते. ते पानं नुसती यंत्रांच्या चित्रांनी भरून थांबले नाहीत. हळूहळू त्यात उद्योग आला, विज्ञान आलं, अंधश्रद्धेवर कोरडे आले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये छापून आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याच माळावरून निघालं. माझ्या आजीच्या ट्रंकेत ‘स्त्री’चे अंक होते. नवऱ्याच्या धाकात राहिलेल्या कितीतरी बायकांना पहिल्यांदा "आपलंही काही म्हणणं असू शकतं" हे त्या मासिकानं सांगितलं. हे कारखानदारीच्या आणि जाहिरातीच्या आधारानं घडलं. त्यामुळे जाहिरात म्हणजे पाप, असं मी कधीच म्हणणार नाही. गांधीजींनी ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये जाहिराती घ्यायच्या नाहीत असं ठरवलं आणि ते पाळलं, त्या व्रताबद्दल मला आदर आहे, पण सगळ्यांनी तेच व्रत घ्यावं असं मला वाटत नाही.

मात्र ‘खबर’मधल्या जाहिरातीचं रूप कसं होतं ते बघ. पैसे कुणाचे, ते मुखपृष्ठावरच लिहिलेलं. नांगराचं चित्र कुंडलच्या शेतकऱ्याला दिसलं तेच सोलापूरच्या वकिलालाही दिसलं. कुणाला त्यात खोटं आढळलं तर तो अंक हातात घेऊन दुसऱ्याला दाखवू शकत होता. छापायचं की नाही ते संपादक ठरवायचा आणि त्याची जबाबदारीही त्याच्यावर होती. आणि माझी आजी कोणत्या पानावर थांबली, कोणतं पान तिनं दुपारी परत उघडलं, हे त्या मासिकाला कधीही कळलं नाही.

आजच्या वेबसाइटवर यातलं एकही उरलेलं नाही. तू पान उघडतेस तेव्हा ते पूर्ण दिसायच्या आत, सेकंदाच्या एखाद्या अंशात, तुझा लिलाव होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा माल समोर पडलेला असतो आणि माल कुणाचा ते अडत्याला ठाऊक असतं. इथं माल म्हणजे तू: वय अंदाजे इतकं, गाव हे, फोन हा, काल अमुक शोधलं. ही माहिती कितीतरी कंपन्यांकडे एकाच वेळी जाते, त्या बोली लावतात, जास्त बोलीवाल्याची जाहिरात चौकटीत येते. हरलेल्यांनाही तुझी माहिती मिळालेलीच असते. आणि ज्यानं ते पान लिहिलं, त्याला त्या क्षणी तिथं काय दिसतंय याचा पत्ता नसतो. तुला तुझ्या ॲपमधली रमी दिसली नाही, ती यामुळे.

याचं टोक मी सांगलीत दादाकडे पाहिलं. कृष्णेला पाणी चढलं की सांगलीतला माणूस दिवसातून कितीदा आयर्विन पुलाची पातळी बघतो ते तुला ठाऊक आहे. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. हे आकडे तिथं लहान पोरांनाही पाठ. २०१९ च्या महापुरानंतर तर ती नजर अधिकच घाबरी झाली आहे. दादाचं घर खालच्या अंगाला. वहिनी सामान वर चढवायचं की नाही विचारत होती आणि दादा फोनवर एका वेबसाइटवर पातळी बघत होता. पाऊस, रेंज अर्धवट. पान उघडलं, आकडा येईल असं वाटलं, तेवढ्यात पान खाली सरकलं आणि त्या जागी एक व्हिडिओ सुरू झाला: मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या बंद. दादाला साखरेचा त्रास आहे आणि आदल्या आठवड्यात त्यानं फोनवर पथ्याची माहिती शोधली होती. त्या व्हिडिओनं आकडा झाकला आणि रेंज खाल्ली. वहिनीला शेवटी शेजाऱ्यांना हाक मारून पातळी विचारावी लागली.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाच आहे तो. हीच जाहिरात साताऱ्याच्या पेपरात आली असती तर दुसऱ्या दिवशी एखाद्या डॉक्टरनं कात्रण काढून तक्रार केली असती. दादाच्या फोनवर आलेली ती जाहिरात मला माझ्या फोनवर दिसली नाही, वहिनीला तिच्या फोनवर दिसली नाही. पान पुन्हा उघडल्यावर ती नव्हतीच. साक्षीदार कुणी नाही, कात्रण नाही, तक्रार कशाच्या आधारावर करायची? एकेकट्या माणसाला गाठून, त्याचं दुखणं ओळखून, कुणाला दिसणार नाही असं त्याच्या कानाशी लागणं, हे मला जाहिरातींच्या जुन्या रीतीचं पुढचं पाऊल वाटत नाही. त्या रीतीत जे सभ्य होतं ते सगळं यानं मोडून काढलं आहे.

म्हणून दादाच्या फोनवर मी त्याच संध्याकाळी फायरफॉक्स घातलं आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हा ब्लॉकर बसवला. पातळीचं पान उघडलं. आकडा पहिल्या ओळीत होता.

तू म्हणशील, पण वेबसाइटवाल्यानं वाचकाशी एक अलिखित करार केलेला असतो: मी मजकूर देतो, तू जाहिरात बघ. हा करार दादानं कधी केला? त्याला तो कुणी वाचून दाखवला? पान त्याच्या फोनवर येतं, त्याच्या डेटावर, त्याच्या बॅटरीवर. आलेल्या पानातलं काय दाखवायचं हे त्यानं ठरवायला काय हरकत आहे? पेपरमधली पुरवणी न उघडता बाजूला ठेवली म्हणून कुणी कुणाला चोर म्हटलेलं नाही. शिवाय यात सुरक्षेचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना सांगितलं, की शोधाच्या निकालात बँका-कंपन्यांच्या नावानं खोट्या जाहिराती येतात, तेव्हा ब्लॉकर वापरा. पोलीसच सांगतात, तर मी माझ्या क्लासमधल्या आजोबांना का सांगू नये? दहावीचं पुस्तक शोधणाऱ्या पोराला एका पानावर तीन "डाउनलोड" दिसतात आणि त्यांतलं एकच खरं असतं, हे मी रोज बघते. बालभारती तीच पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत देते, पण पोरगं तिथं पोचायच्या आधीच कुणीतरी त्याला अडवतं. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. वेषांतर केलेली जाहिरात हा त्यांतलाच एक.

जर्मनीत तू राहतेस त्या कलोनमध्येच या वादाचं मोठं घर आहे, आणि त्याबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस! ॲडब्लॉक प्लस हा ब्लॉकर बनवणारी आयेओ कंपनी तिथलीच. ‘बिल्ड’ छापणाऱ्या अक्सेल श्प्रिंगरनं तिच्यावर वर्षानुवर्षं दावे चालवले. एप्रिल २०१८ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की ब्लॉकर देणं ही अनुचित स्पर्धा नाही, वाचकाला तो वापरायचा अधिकार आहे. मग प्रकाशकांनी कॉपीराइटची बाजू धरली: ब्राउझरमध्ये पान बदलणं म्हणजे आमच्या प्रोग्रॅममध्ये हात घालणं. जुलै २०२५ च्या शेवटी त्याच न्यायालयानं तो दावा पुन्हा नीट तपासण्यासाठी हँबुर्गच्या न्यायालयाकडे परत पाठवला. यात वाचकाच्या विरुद्ध निकाल लागला तर तुझ्या-माझ्यासारख्या कोड बदलणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकेल. लक्ष ठेव त्यावर.

पण आयेओबद्दल मला प्रेम नाही, हेही लिहून ठेवते. २०११ पासून त्यांनी "स्वीकारार्ह जाहिरातीं"ची यादी सुरू केली. जाहिरात साधी, न हलणारी, मजकुरापासून वेगळी असावी, हे नियम चांगलेच आहेत. पण मोठ्या कंपन्यांकडून ते यादीत येण्याचे पैसे घेतात. महिन्याला ज्यांच्या एक कोटीहून जास्त जाहिराती या यादीमुळे सुटतात, त्यांच्याकडून वाढलेल्या कमाईतला साधारण तीस टक्के वाटा. म्हणजे वाचकाच्या नावानं उभारलेला जकात नाका झाला की हा! वाचकाचं रक्षण करतो म्हणायचं आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट विकायची, हे मला पटत नाही. त्यापेक्षा यूब्लॉक ओरिजिनचा रेमंड हिल मला मोठा वाटतो. २०१४ पासून तो हा प्रोग्रॅम चालवतो, मुक्त परवान्याखाली देतो, आणि देणगीसुद्धा घेत नाही. द्यायचीच असेल तर अडवायच्या याद्या सांभाळणाऱ्यांना द्या म्हणतो.

आणि दुसरी बाजू बघ. क्रोमनं २०२४ पासून जोडप्रोग्रॅमांची जुनी पद्धत बंद करत आणली आणि यूब्लॉक ओरिजिन त्यात चालेनासा झाला. त्याची एक हलकी आवृत्ती तेवढी चालते. ज्या कंपनीचं बहुतेक उत्पन्न जाहिरातींचं, तीच ब्राउझर बनवते, आणि त्या ब्राउझरमध्ये किती अडवता येईल तेही तीच ठरवते. मी लोकांना फायरफॉक्स देते, पण फायरफॉक्सच्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्नही गूगलकडून येतं, शोधयंत्राच्या करारापोटी. तो पैसाही शेवटी जाहिरातीचाच. या व्यवस्थेच्या पूर्ण बाहेर उभं राहायला आज जागा नाही.

आता देण्याकडे येते.

आपल्या गावाकडचं दैनिक डोळ्यांसमोर आण. ‘ऐक्य’ वाचत आपण मोठ्या झालो. त्या पेपरात माझे वडील आधी काय वाचायचे? जाहीर नोटीस. अमुक गावची अमुक गटातली जमीन, क्षेत्र इतकं, चतुःसीमा अशी, माझे अशील खरेदी करणार आहेत, कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावं. त्याखाली साखर कारखान्याच्या वार्षिक सभेची नोटीस, मग निधन, दशक्रिया, मग निविदा. ही सगळी पैसे भरून छापलेली जाहिरातच. आणि ती वाचली नाही तर भावकीतला माणूस परस्पर जमीन विकून मोकळा व्हायचा! अशी जाहिरात अडवायची इच्छा कुणालाच होत नाही, कारण ती वाचणाऱ्याच्या कामाची असते. पेपरची किंमत छपाईच्या खर्चालाही पुरत नाही. या नोटिसांनीच आमच्या तालुक्यांतल्या वार्ताहरांची चूल पेटती ठेवली आहे.

तो पेपर वेबवर आला आणि नोटिशीची जागा त्या लिलावानं घेतली. हातात मिळणारे पैसे थोडे, वाचकाची फसवणूक मोठी. मी ब्लॉकर लावला की तेवढे थोडे पैसेही बुडतात. पाटणच्या खोऱ्यात दरड कोसळल्यावर मोटारसायकलवरून जाऊन बातमी आणणाऱ्या पोराच्या पगारातून ते जातात, लिलाव चालवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या नाही. हे मला दिसतं, आणि म्हणूनच मी क्लासमध्ये ब्लॉकर बसवून झाल्यावर लगेच सांगते: आता ज्या पानावर तुम्ही रोज जाता त्याचे पैसे द्या. काही जण देतात. बरेच जण हसून सोडून देतात, आणि त्यांना मी पुढच्या वेळी पुन्हा सांगते.

पूर्वी याला सबब होती. दहा रुपये पाठवायला मनिऑर्डर करायची तर फॉर्म, रांग, कमिशन. इंटरनेट आलं तेव्हा कार्डानं दहा रुपये घेणं कुणाला परवडत नव्हतं. म्हणून सगळे जाहिरातीकडे वळले. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि ती सबब संपली. पोवई नाक्यावर आपण चहाचे दहा रुपये क्यूआर कोडवर देतो, दहा रुपयांत कोथिंबिरीची जुडी घेतो. मग ज्या पानानं पुराचा आकडा दिला त्याला दहा रुपये का देता येऊ नयेत? देता येतात. पानावर तो चौकोन लावायचा राहिला आहे, आणि आपल्याला द्यायची सवय लागायची राहिली आहे.

काही ज्ञान मात्र जाहिरात आणि वर्गणी या दोन्हींच्या पलीकडे असावं असं मला ठामपणे वाटतं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाच्या कामाला लागले ते सरकारी पैशावर. पहिला खंड निघायला १९७६ उजाडलं. आज तो विश्वकोश कुणालाही वेबवर फुकट वाचता येतो, आणि ‘मधुमेह’ शोधलं तर मधुमेहाचीच माहिती मिळते, गोळ्यांचं दुकान नाही. तो पैसा तुझ्या-माझ्या करातून गेला. महाराष्ट्रानं केलेल्या उत्तम खर्चांपैकी तो एक आहे. पूर-पातळी, बाजारभाव, पाठ्यपुस्तकं हेही याच रांगेत बसतं. सरकारनं ते इतकं सोपं आणि इतकं हलकं करून द्यावं, की दादाला दुसरीकडे जायची गरजच पडू नये.

तुझ्या वाट्याला काय येतं ते आता स्पष्ट लिहिते. ॲपमधली ती रिकामी चौकट काढून टाक. मुलांच्या हातात जाणाऱ्या गोष्टीत, आत काय येईल हे आपल्याला माहीत नसेल, तर ती चौकट ठेवायचा अधिकार मी कुणालाच देणार नाही, तुलाही नाही. व्हीएलसी प्लेअरचा जाँ-बाप्टिस्ट केंफ मोठमोठ्या रकमा नाकारून बसला, पण त्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये जाहिरात शिरू दिली नाही. आणि जगभर लोक त्याला मानतात. तुझ्या कष्टाचे पैसे मागायला संकोच करू नकोस. "हे ॲप मी केलं, आवडलं तर इतके द्या" असं पहिल्याच पडद्यावर लिही. शाळांना, शिक्षकांना थेट विचार. एखाद्या स्थानिक पुस्तकविक्रेत्याची साधी पाटी लावायची असेल तर लाव, स्वतः निवडून, त्याचं नाव घालून. ती पाटी वेबसाइटवर असली तरी माझा ब्लॉकर बहुधा अडवणार नाही, कारण तो मुख्यतः दुसरीकडून येणारे हेर ओळखतो; तुझ्याच घरचं साधं चित्र त्याला खुपत नाही.

आणि एक काम दिवाळीच्या आत करायचं आहेस. कलोनमध्ये बसून तू सकाळच्या कॉफीबरोबर जी मराठी पानं उघडतेस, त्यांची यादी काढ. तू ब्लॉकर वापरत नाहीस म्हणतेस, पण जाहिरातींकडे बघतही नाहीस. तेव्हा देणं तुझ्याही नावावर आहे. ज्यांची वर्गणी भरता येते त्यांची भर. ज्यांनी ती सोय केलेली नाही, त्यांच्या संपादकांना पत्र लिही: वाचकांना पैसे द्यायची सोपी सोय करा, आणि जाहिरात घ्यायचीच तर ‘जाहीर नोटीस’सारखी घ्या, सगळ्यांना एकच, पैसे देणाऱ्याच्या नावासह, वाचकावर नजर न ठेवणारी. साताऱ्या-सांगलीच्या संपादकांना मी या आठवड्यात लिहिते आहे. त्यांचे पत्ते सोबत पाठवते. परदेशातून आलेल्या वाचकाच्या पत्राकडे ते नक्की लक्ष देतील, तेव्हा तुझं पत्र माझ्या पत्रापाठोपाठच पोचू दे.

तुझीच